पाठीवरची थाप

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या मराठी मुलांच्या खो-खो क्लबचा रौप्यमहोत्सव होता. क्लब काढणारे दिगंबरकाका हौसेनं पहिल्या रांगेत येऊन बसले. पडद्यावर क्लबच्या इतिहासाची फिल्म सुरू झाली. देवळाच्या पार्किंग लॉटमध्ये, खांबांच्या जागी ट्रॅफिक कोन ठेवून काकांनी पोरांना खेळ शिकवला, ती वर्षं तिच्यात कुठेच नव्हती. पंचवीस वर्षांचा इतिहास सुरू झाला तोच निहार अध्यक्ष झाला तिथून. निहार म्हणजे काकांच्या पहिल्या बॅचमधला पोरगा. पुढे तरी एखादा जुना फोटो येईल म्हणून काका बघत राहिले.

तेवढ्यात मागून पाठीवर हलकीच थाप पडली.

"काका, सॉरी हं, ही फ्रंट रो रिझर्व्ह्ड आहे. तुम्ही मागे बसाल का, प्लीज?" आवाज निहारचाच होता.

खो मिळाला की मागे वळून बघायचं नाही, वाद घालायचा नाही, मुकाट्यानं उठायचं, हे काकांनीच पोरांना शिकवलं होतं. ते उठले.

खो देणाऱ्यानं लगेच त्या जागेवर बसायचं असतं, हेही निहार विसरला नव्हता.