साहेबाचा शब्द

बहात्तर सालची गोष्ट. गहिनीनाथ भिंगारला एका साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाकी होता. चहा निवला की साहेब म्हणायचा, 'बास्टर्ड'. अंडं जास्त शिजलं तरी तेच.

गहिनीनाथला तो शब्द 'उस्ताद'सारखा वाटायचा. बायकोला तो कौतुकानं सांगायचा, "मानाचंच काईतरी आसंल."

त्याची मुलगी छबू मॅट्रिकला होती. एकदा तिनं शाळेतून इंग्रजीचा शब्दकोश घरी आणला. आई पाण्याला गेली होती आणि गहिनीनाथ सुपात रेशनची लाल मिलो ज्वारी निवडत बसला होता.

"आमच्या साहेबाचा शब्द बघ की त्यात," तो म्हणाला.

छबूनं शब्द शोधला, वाचला आणि पुस्तक मिटलं. "शिवी आहे, आण्णा. जाऊ द्या."

त्याचा चेहरा पडला, तरी त्यानं हसून घेतलं. "आसू दे. शिव्या सगळेच साहेब देत्यात. पर अर्थ काय तिचा?"

छबू खाली मान घालून पुटपुटली, "ज्याच्या बापाचा पत्ता नाही, असा माणूस."

गहिनीनाथचा हात सुपातच थांबला. बायको आली नाही ना, म्हणून त्यानं एकदा दाराकडे पाहिलं. मग आवाज अगदी खाली आणून त्यानं विचारलं,



"छबे, हे मी तुझ्या आईलाबी कधी सांगितलं न्हाई. साहेबाला कुनी सांगितलं गं?"