अर्जाला वेळ

गावच्या नाल्यावर पूल नव्हता. पावसाळ्यात अडलेली बाई बाजेवर घालून, छातीभर पाण्यातून पलीकडे न्यावी लागे. अख्ख्या गावाने सह्या-अंगठे करून विधानसभेसाठी विनंती अर्ज केला आणि आमदार बन्सीलालभाऊंच्या हाती सोपवला. भाऊ म्हणजे नियमांचे पक्के. जेवायला बसले तरी एखादा हरकतीचा मुद्दा काढूनच उठणार! ते अर्ज मांडणार म्हटल्यावर गावातले वयोवृद्ध तोतारामआबा कोरं धोतर नेसून, भुसावळहून रेल्वेने नागपूर गाठून प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसले.

अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता. अर्ज मांडायला भाऊंचं नाव पुकारलं. भाऊ उठले आणि आधी कामकाजाच्या पद्धतीवरच हरकत घेतली. "अध्यक्ष महाराज, गोरगरिबांच्या अर्जांना या सभागृहात वेळच मिळत नाही!" तिथून जी गाडी सुटली, ती नियम, पोटनियम, जुने दाखले करत थेट इंग्लंडच्या पार्लमेंटात जाऊन पोचली. अध्यक्षांनी घंटी वाजवली, तर भाऊंनी घंटीवरही हरकत घेतली. विरोधकांनीसुद्धा बाकं बडवली. आबांचा ऊर भरून आला. शेवटी कामकाजाची वेळ संपली आणि अधिवेशनही संपलं.

भाऊ घाम पुसत बाहेर आले. "काय आबा, कसं झालं भाषण?"



"बठ्ठं भाषण पटनं, भाऊ. फक्त आपला अर्ज तुमना खिसामाच राही गया."