हिरवे पाणी

राजेगाव दोन मैलांवर असताना चैतरामजींच्या जीपने वाफ सोडली. ड्रायव्हर खेमराजने गाडी मोहाच्या सावलीत घेतली, बॉनेट उचलले आणि ओल्या फडक्याने रेडिएटरचे झाकण सैल करून तो मागे सरला. हिरवे पाणी फसफसून वर आले. खाली नळीच्या तोंडातूनही तेच गळत होते.

"पट्टी सैल झालती, मालक," पाना खिशात टाकत तो म्हणाला. "आवळली. गाडी थंडी झाली का पानी टाकू अन् निघू."

मागच्या सीटवर चैतरामजींच्या पत्नी सत्यभामाबाई यांच्या मांडीवर त्यांची सहा वर्षांची नात, साधना, निपचित पडली होती. पहाटेपासून जुलाब आणि ओकाऱ्या चालू होत्या. तिला गोंदियाच्या डॉक्टरकडे न्यायचे होते. ओठांवर पांढरी साल धरली होती. सकाळपासून तिला पाण्याचा थेंब दिलेला नव्हता. जुलाबात दिलेले पाणी वाहून जाते, म्हणून देऊ नये, असा चैतरामजींचा निर्णय होता. तो त्यांच्या वडिलांचाही होता आणि आजोबांचाही. या निर्णयाने घरातली किती पोरे गेली याची मोजदाद कोणी ठेवली नव्हती. त्यामुळे तो अबाधित राहिला होता.

शेताच्या बांधावरून एक बाई झपझप आली. डोक्यावर गागर, हातात लोटा.

"वाफ दिसली, म्हनून आली, जी. पानी पाहिजे असन ना?"

"कोन्या विहिरीचं?" चैतरामजींनी विचारले.

"आमच्या टोलीच्या. मी जिजा, बौद्ध टोलीतली."

टोलीने, म्हणजे गावाबाहेरच्या त्या वस्तीने, दहा वर्षांपूर्वी धर्म बदलला होता. आसपासच्या गावांनी विहिरीविषयीचे आपले मत बदलण्याची तसदी घेतली नव्हती.

चैतरामजी नाही म्हणाले नाहीत. ते मॅट्रिक झालेले होते, आणि शिकलेला माणूस नाही म्हणत नाही. तो लिखित आधार देतो. त्यांनी सीटखालून एक रिकामा डबा काढला. इंजिन थंड ठेवणारे ते हिरवे पाणी त्यांनी याच डब्यातून, नागपूरहून, मुद्दाम मागवले होते. त्यावरच्या इंग्रजी ओळीवर त्यांनी बोट ठेवले.

"पाहा खेमराज. कंपनीनं साफ लिहून ठेवलं आहे. याच्यात दुसऱ्या प्रकारचं काही मिसळाचं नाही. इंजन खराब होते."

डब्यावर चिकटवलेल्या त्याच कागदावर, दोन ओळी खाली, बारीक अक्षरात असेही छापले होते की अडचणीत कोणतेही स्वच्छ पाणी चालते. चैतरामजींना इंग्रजी उत्तम येत होते. पण वाचन, मग ते पोथीचे असो की डब्याचे, हव्या त्या ओळीवर थांबवता येते.

"हा डबा घे. राजेगावच्या मंदिराच्या विहिरीवरून भरून आन."

"तेबी पानीच ना, मालक? हे टाकलं का बिघडते, अन् ते टाकलं का नाही बिघडत?"

"तू डायवर आहेस. डायवरी कर."

"जाऊन येऊन दीड घंटा लागन. पोरगी..."

"जा म्हनलं ना!"

खेमराजने डबा उचलला. पाय उचलले नाहीत. चैतरामजी त्याला रस्ता समजावत चार पावले पुढे गेले.

जिजाबाईने गागर खाली ठेवली आणि जीपमध्ये डोकावली. तिने साधनाच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. चिमटीची घडी तशीच उभी राहिली.

"बाई, हिले पानी काहून नाही देल्लं?"

"देऊ नाही म्हनतेत. वाहून जाते."

"गाडीचंबी वाहूनच गेलं ना? मंग गाडीसाठी काहून शोधून राह्यले?"

सत्यभामाबाई नवऱ्याच्या पाठीकडे पाहत राहिल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "मीठ आहे का तुह्यापाशी?"

जिजाबाईने पदराची गाठ सोडली. शेतावरच्या न्याहारीसाठी बांधलेले मीठ होते, गुळाचा खडाही होता. दोन्ही तिने लोट्यात बोटाने ढवळले आणि सवयीने लोटा उंच धरला, वरून धार सोडायला. सत्यभामाबाईंनी तो तिच्या हातातून घेतला आणि पोरीच्या ओठांना लावला.

पहिला घोट ओघळला. दुसरा गिळला गेला. तिसऱ्याला साधनाने डोळे उघडले.

खेमराजने हे बॉनेटआडून पाहिले. त्याने डबा रस्त्यावर ठेवला आणि गागर उचलली.

"मालक, दीड घंट्यात काही झालं, तर पोरीच्या बापाले काय सांगसान?"

चैतरामजींनी उन्हाकडे पाहिले, रिकाम्या रस्त्याकडे पाहिले. आधार देण्यासारखे तिथे काही छापलेले नव्हते.

"टाक," ते म्हणाले.

इंजिन चालू ठेवून खेमराजने बारीक धार सोडली. उरलेल्या हिरव्यात टोलीचे पाणी उतरले आणि रंग भाताच्या रोपासारखा कोवळा झाला. चैतरामजी कान देऊन उभे होते. इंजिनाने कोणताही आक्षेप घेतला नाही.

झाकण बसले. चैतरामजी पुढच्या सीटवर चढले आणि सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "गोंदियाले पोचलो का हे सगळं काढून टाकजो. थेंबबी ठेवू नको."

"हौ, मालक."

लग्नाला चाळीस वर्षे झाली होती. सत्यभामाबाईंनी भर रस्त्यावर नवऱ्याला कधी प्रश्न विचारला नव्हता.

"अजी," त्या मागून म्हणाल्या, "अन् पोरीतलं?"

चैतरामजी वळले. साधनाने लोटा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, आणि जिजाबाईने हात पुढे केला तरी ती तो सोडत नव्हती.