दुसरा पॉइंट

“ट्यूनर आत असलेला द्यायचा की बिगर ट्यूनरचा, ते आधी ठरवा काका,” दुकानातला विक्रेता आकाश तिसऱ्यांदा म्हणाला.

जालना रोडवरच्या त्या टीव्हीच्या दुकानात भिंतभर पडदे एकाच वेळी एकच पोपट दाखवत होते. पिसन् पीस मोजून घ्यावं इतका स्वच्छ पोपट. बद्रीनाथला पोपटाशी काही कर्तव्य नव्हतं. पाच वाजता त्याची पोरगी राजनंदिनी महाराष्ट्राकडून खो-खो खेळणार होती आणि दूरदर्शन तो सामना थेट दाखवणार होतं! आता दुपारचा एक वाजला होता. टीव्ही घेऊन देवगाव रंगारीला पोचायचं, भिंतीवर लावायचा आणि पोरगी मैदानात उतरायच्या आत चालू करायचा. गल्लीतल्या बारा घरांना चहाचं आवतण देऊन झालं होतं. सकाळपासून हा माणूस एका जागी बसला नव्हता.

बिगर ट्यूनरचा सेट दिसायला झकास होता, पण तो चालणार इंटरनेटवर. गावातल्या इंटरनेटचा अनुभव ताजा होता. मागचा सामना त्यांनी मोबाइलवर पाहिला, म्हणजे गोल फिरणारं चक्र पाहिलं. चक्र थांबलं तेव्हा पोरी हात मिळवत होत्या. आपली जिंकली की हरली, हे तिचा फोन आल्यावर कळलं.

“आत ट्यूनर असलेलाच द्या,” बद्रीनाथची बायको मंजुषा म्हणाली. “वेगळा सेटटॉप डबा नको, नेट नको.”

“एकदम सही, काकू. डिशची वायर मागं खोचायची, बस. डिश आहे ना घरावर?”

मंजुषाने नवऱ्याकडे पाहिलं.

“भावाच्या घरावर हाय,” बद्रीनाथ म्हणाला. “आमच्या नाय. नवी द्या एक.”

“देतो की. पण बसवणारा माणूस परवा येईल. आजच पाहिजे तर भावाच्या डिशवरून वायर ओढा. फक्त त्यांना विचारा, डिशला वायरीचा पॉइंट एक आहे का दोन. घरात एकच टीव्ही असला की लोक एका पॉइंटचीच बसवतात. मग नाही जमणार.”

इथं बद्रीनाथची सगळी घाई अडली. थोरला भाऊ कडुबा भिंतीपलीकडेच राहायचा. सहा वर्षांपूर्वी घराची वाटणी झाली, अंगणात भिंत आली आणि त्यानंतर दोघांत शब्द नाही. मी आधी बोलणार नाही, असं बद्रीनाथ चारचौघांत सांगून बसला होता. भिंत झाल्यावर महिन्याभरात कडुबाने डिश बसवली, तेव्हा हा पठ्ठ्या मुद्दाम तिकडे पाठ फिरवून बसला होता. भावाचा नंबरही त्याने मोबाइलमधून काढून टाकला होता.

मंजुषाने काढला नव्हता. तिने नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्याच्या हातात कोंबला.

“तुमचा हट्ट उद्या बी राहील. पोरगी आजच खेळणार हाय.”

घंटी वाजू लागली.

“हालो?”

“दादा... मी बद्री.”

कडुबा एकदम ओरडला, “आरं, हाय कुठं तू? पाचला पोरीची मॅच हाय ना?”

बद्रीनाथला हसू आलं आणि डोळेही भरून आले. किती वर्षांनी कुणी त्याच्यावर असं ओरडलं होतं!

“दादा, तुझ्या डिशला पॉइंट किती?”

“दोन.”

“आन् टीव्ही?”

“एकच.”

“पॉइंट दोन आहेत ना? मग काम झालं!” आकाशने खोकं पुढं ओढलंसुद्धा. “वायर किती देऊ काका?”

बद्रीनाथने भावाचं छत, भिंत, आपली खिडकी सगळं डोळ्यांपुढे आणून पाहिलं. अंदाज काही लागेना.

फोनमधून कडुबाच म्हणाला, “चाळीस फूट घे. तुझ्या खिडकीपस्तोर बरोब्बर बसती.”

“तू कवा मोजलंस?”

“डिश बसवली त्याच दिवशी.”