एकदाच विचारायचं

"पाहुणे, आत खोलीत चला ना," केसर म्हणाली.

"नको, इथंच बरंय," पाहुणा म्हणाला आणि पडवीतल्या बाकावर टेकला. बॅग मांडीवर घेतली. त्याला पुढे काहीतरी बोलायचं होतं, पण तोवर केसर आत गेली होती. दुसऱ्यांदा विचारायचा मोह नको म्हणून.

फ्रिजवर धनेशने कागद चिकटवला होता. 'एकदाच विचारायचं. नको म्हणजे नको.'

धनेश तिचा मुलगा. पनवेलला राहून तो फोनवरून दिवेआगरचं होमस्टे चालवायचा. वादळात वाडीतल्या सुपाऱ्या गेल्या, तेव्हापासून घर या दोन खोल्यांवर चाललं होतं. आणि मागच्या तीन पाहुण्यांनी बुकिंगच्या ॲपवर ओळीने लिहिलं होतं की मालकीणबाई फार आग्रह करतात. एकाने तर ताटातल्या मोदकांचा फोटो टाकून खाली नुसतं 'मदत' लिहिलं होतं.

"आई, आता अजून एक वाईट रिव्ह्यू आला तर ॲपवाले आपल्याला काढून टाकतील. मग कोण येणार आपल्याकडे?" धनेश म्हणाला होता.

केसरला कळत होतं, पण वळत नव्हतं. तिच्या गावात पहिलं 'नको' कोणी मोजतच नाही. ती रीत असते. दुसऱ्या 'नको'ला जरा आवाज उतरतो. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस 'बरं, थोडंसं' म्हणतो आणि ताट पुढे ओढतो. हा पाहुणा साठीचा होता, खिशाला पेन, डोक्याला तेल. एका विचारण्यावर हो म्हणणारा हा माणूस नव्हे, हे तिला लांबूनच दिसत होतं.

पण नियम म्हणजे नियम.

"चहा टाकू?"

"नको, उगाच तुम्हाला त्रास."

"अंघोळीला पाणी काढू?"

"नको, घरून करून आलोय."

दुसऱ्या दिवशीही तो घरूनच करून आला होता. बाकावरून उठला नव्हता, तरी.

जेवण नको, पंखा नको, उशी नको, डासांची अगरबत्ती नको. पाणी तेवढं आपल्याकडे विचारून देत नाहीत, नुसतं पुढे ठेवतात. म्हणून तो जगला. केसरने खोलीतली चादर दोन्ही दिवस बदलली. तिच्यावर कोणी झोपलं नव्हतं, पण धनेशची यादी तशी होती. सुरमई तिने मुद्दाम पडवीच्या खिडकीशी तळली. पाहुण्याने डोळे मिटून मोठा श्वास घेतला आणि बॅग घट्ट धरली.

संध्याकाळी धनेशचा फोन आला. "बुकिंगवाले सुजित आहेत ना नीट?"

"आहेत. बसलेत."

"काही तक्रार?"

"एका शब्दाची न्हाय."

"बघ! जमलं की नाही तुला?"

केसर मागच्या कुंपणाशी जाऊन उभी राहिली. पलीकडे जैबुन्निसाची वाडी होती. तिचंही होमस्टे, फक्त गेट मागच्या गल्लीत. तिच्या फ्रिजवर कागद नव्हता. "खा रे बेटा, एकच वडा! तुला माझी आण!" आणि कोणीतरी पोरगेलं रडवेल्या आवाजात म्हणत होतं, "आंटी, नको, खरंच नको." मग ताटात वडा पडल्याचा आवाज. केसरने पदराने डोळे पुसले. सुख म्हणतात ते हे.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहुणा उठला. "बरंय, निघतो मग."

"जेवून जा," केसर म्हणाली.

"नको."

तो पायरी उतरला. चपलेला पट्टा नव्हता, तरी बराच वेळ वाकून पट्टा लावत राहिला. मग अंगणातल्या जास्वंदीची चौकशी केली. मग फाटकाची कडी कशी चालते ते तीनदा उघडून बघितलं.

केसरने फ्रिजवरचा कागद टराटरा फाडला आणि अनवाणी धावली.

"अहो, जेवल्याशिवाय जायचं न्हाय!"

"नको हो, उगाच तुम्हाला..." त्याचा आवाज उतरला होता.

"आता न्हाय म्हणालात तर मी पण जेवायची न्हाय. माझी आण हाय!"

"बरं, थोडंसं," पाहुणा म्हणाला. केसर घरात पोचली तेव्हा तो पाटावर बसलेला होता.

थोडंसं म्हणजे नऊ तांदळाच्या भाकऱ्या, सुरमईचे पाच तुकडे आणि अकरा मोदक. प्रत्येकाला तो 'नको' म्हणाला आणि ताट पुढे करत गेला. दोन दिवसांत पहिल्यांदाच केसरच्या जिवाला गार वाटलं.

"आता ॲपवर काय लिवायचं ते लिवा," ती म्हणाली. "काढून टाकू देत मला. पण उपाशी न्हाय जाऊ दिलं."

पाहुण्याने हात पुसले. "बाई, एक विचारायचं होतं. परवा दारात आलो तेव्हाच."

"विचारा."

"नको, राहू दे."

"विचारा हो."

"नको, तुम्ही कामात आहात."

"विचारा म्हणते ना!"

"जैबुन्निसाबाईंचं होमस्टे कुठं आलं? माझं बुकिंग तिकडं होतं."

केसरच्या हातातला डाव तसाच राहिला. तेवढ्यात फोन वाजला. धनेश ओरडत होता. "आई, सुजितचा रिव्ह्यू आला! पाच तारे! ऐक काय लिहिलंय. 'मालकीणबाई कितीही नको म्हणा, ऐकतच नाहीत. इतकं प्रेमाने मला आईनेसुद्धा कधी खाऊ घातलं नाही. पुन्हा नक्की येणार. फक्त गेटवर जैबुन्निसा होमस्टे अशी चुकीची पाटी लागली आहे, तेवढी बदलून घ्या.'"