राजरत्न मरत नाही

"मी नाही मरणार," राजरत्न कुजबुजला. "आजी आत्ताच आलीय."

परळच्या चाळीत भीमजयंतीचा कार्यक्रम रंगात आला होता. स्टेजवर पेशींचं नाटक चाललं होतं. छोटा राजरत्न झाला होता बिघडलेली पेशी आणि त्याची मोठी बहीण अक्षता, पेशीवर नजर ठेवणारं जनुक. नाटक बसवणाऱ्या ललिताबाईंनी तालमीत तिला नीट समजावलं होतं. पेशीला आधी थांबवायचं, बिघाड दुरुस्त होतो का पाहायचं. नाहीच झाला, तर मरायला सांगायचं. पण हात लावायचा नाही. पेशी आपली आपणच मरते.

"तुझा बिघाड दुरुस्त होत नाही. मर!" अक्षताने पुन्हा फर्मावलं.

राजरत्नने पुढच्या रांगेतल्या आजीला हात हलवला. ते बघून चाळीतली दोन चिल्लीपिल्ली स्टेजवर चढली. मग आणखी चार. सगळी त्याच्यासारखेच हात हलवू लागली. चांगल्या पेशी झालेली मुलं रेटारेटीत कोपऱ्यात गेली.

"बघ, कॅन्सरची गाठ झाली!" पडद्याआडून ललिताबाई हसल्या. "बिघडलेली मरेना, की तिच्यासारख्या वाढतच जातात. अक्षू, हे तुझं काम. मी नाही येणार."

अक्षताच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी तालीम फुकट जाणार! ढकलून द्यावं याला? तिने हात उचललासुद्धा. मग तो खाली घेतला आणि माइकमध्ये ओरडली, "आजी, हा बघ मरत नाहीये!"

सगळ्यांच्या माना आजीकडे वळल्या. कांताआजी घरात 'मर' हा शब्द कुणाला उच्चारू देत नसे. ती उठून उभी राहिली.

"मर की रे बाळा! चांगला ठसक्यात मर. मी ते बघायलाच आलेय."

राजरत्नचा चेहरा उजळला. तो खाली बसला, अंग चोरत चोरत एवढासा झाला. शर्टावर चिकटवलेल्या चणे-कुरमुऱ्यांच्या पुड्या एकेक काढून त्याने शेजारच्या पेशींना वाटल्या. मरणारी पेशी पसारा ठेवत नाही, पुड्या होऊन शेजाऱ्यांच्या पोटात जाते, हेही बाईंनीच शिकवलेलं. चढलेली पोरंही आपापली पुडी घेऊन खाली उतरली. शेवटी राजरत्न रांगत पडद्याखाली दिसेनासा झाला.

पेशींचे हात पुड्यांत अडकलेले, टाळ्या कोण वाजवणार? कांताआजीने दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली, की पडद्याखालून मेलेल्या राजरत्नचं डोकं हळूच बाहेर आलं.