वाडीची वाट

"आजी, जरा कॅमेऱ्याकडं बघा," म्हणत आमराईच्या शेठनी भागूबाईच्या हातात नवं ब्लँकेट ठेवलं.

वणव्यात डोंगरावरच्या वाडीची अकरा घरं जळून चार दिवस झाले होते. भागूबाईच्या दोन म्हशी दाव्याला बांधलेल्या जागीच होरपळून मेल्या होत्या. आगीचा बंब तालुक्याहून वेळेत आला होता; पण वाडीच्या वाटेवर शेठनी आमराईसाठी लोखंडी गेट बसवलं होतं आणि त्याला कुलूप घालून ते शहरात गेले होते.

"बंब तुमच्या गेटाबाहेर उभा होता, आन् आमी हितं जळत होतो," भागूबाई संतापून म्हणाली. "ब्लँकेट नको. चावी द्या."

"चावी कशी देणार? जागा माझ्या नावावर आहे."

तिनं ब्लँकेट त्यांच्या तोंडावर फेकलं, पहार उचलली आणि ती तरातरा उतारानं निघाली. मागोमाग सगळी वाडी निघाली. तासाभरात त्यांनी गेट खांबांसकट उपटून दरीत ढकललं.

तेवढ्यात घरं उभारायला शेजारच्या गावानं पाठवलेला चिऱ्यांचा ट्रक चढण चढत आला. शहराकडं परत निघालेल्या शेठना त्या अरुंद वाटेवर ट्रकला जागा द्यायला आपली गाडी पार वाडीपर्यंत मागं घ्यावी लागली.